इतिहासाच्या शिक्षकांना मे महिन्यात कालव्यावर न्या

प्रति,
मा. सचिव, शालेय शिक्षण विभाग,
मा. सचिव, जलसंपदा विभाग,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

मी नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रातल्या एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. पत्र दोन्ही विभागांना एकत्र लिहितो आहे, कारण मी जे मागतो आहे ते एकट्या विभागाला जमणारे नाही. मागणी अशी आहे: इतिहासाच्या शिक्षकांसाठी दर उन्हाळ्याच्या सुट्टीत दख्खनच्या कालव्यांच्या कालखंडावर आठवडाभराची निवासी कार्यशाळा घ्या, आणि ती कालव्याच्या काठावरच घ्या.

साधारण १८७० ते १९५० या ऐंशी वर्षांत पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर आणि नाशिक या जिल्ह्यांच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात कालवे आले. मुठेवर खडकवासला झाले. नीरेचा डावा कालवा १८८० च्या दशकात वाहू लागला आणि १८९२ पर्यंत त्याच्या पाठीशी भाटघरचे पहिले धरण उभे राहिले. पुढे १९१६ च्या सुमारास दारणा, १९२६ मध्ये भंडारदरा आणि त्याच दशकात भाटघरचे नवे, मोठे धरण व नीरेच्या उजव्या कालव्याचे काम. या पाण्याने पिके बदलली, माणसे हलवली, गावांची नावे बदलली, सोयरिकी बदलल्या. पश्चिम महाराष्ट्राचे राजकारणही याच पाण्यावर पोसले. आमच्या वर्गात मात्र हा कालखंड दुष्काळाच्या एका ओळीत आणि सहकाराच्या एका परिच्छेदात संपतो. मधली ऐंशी वर्षे कुठेच नसतात.

आमच्या शाळेच्या मागून कालव्याची चारी, म्हणजे छोटी शाखा, जाते. आठवीच्या वर्गात मी विचारले, हा कालवा कुणी बांधला? दोघा-तिघांनी एका सुरात सांगितले, "इंग्रजांनी." का बांधला? वर्ग गप्प. शेवटी एक मुलगी म्हणाली, "उसासाठी." तिच्या जन्मापासून तिने कालव्याच्या दोन्ही अंगांना ऊसच पाहिला आहे, तेव्हा तिचे उत्तर तिच्या परीने बरोबरच होते. पण नीरेचा कालवा उसासाठी बांधला नव्हता. तो ज्वारी-बाजरी वाचवायला बांधला होता. ज्वारी-बाजरीचा कालवा उसाचा कसा झाला, हा आमच्या भागाच्या इतिहासातला सगळ्यांत मोठा प्रश्न आहे आणि तो शिकवायला लागणारे साहित्य बहुतेक शिक्षकांच्या हाती नाही. म्हणून तो इथे थोडा विस्ताराने मांडतो.

१८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसे आणि जनावरे तडफडून मेली. दुष्काळी कामांवर गर्दी लोटली. १८७७ च्या सुरुवातीला भारत सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरीतले धान्य घटवून दिवसाला रतलभर (साधारण अर्धा किलो) केले, तेव्हा मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामे सोडून दिली. सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेऊन सरकारला लिहिले. त्या काळात सरकारच्या मनात कालवा म्हणजे दुष्काळाविरुद्धचा विमा होता. १८७९ मध्ये मुंबई इलाख्याचा पाटबंधारे कायदा झाला. नीरेचे पाणी पुरंदर, बारामती आणि इंदापूरच्या कोरड्या शिवारांत शंभर मैलांच्या आसपास लांब नेले गेले.

पाणी आले, आणि शेतकऱ्याने ते घेतले नाही. पाऊसपाणी बरे असलेल्या वर्षी तर मुळीच नाही. यात त्याचा अडाणीपणा नव्हता. भारी काळ्या जमिनीत ओल धरून राहते. रब्बीच्या ज्वारीला चांगला परतीचा पाऊस झाला की वरून पाणी द्यायची गरज नसते. पाणी घ्यायचे तर अर्ज करा, पाणपट्टी भरा, बांध घाला, वाफे पाडा, खत घाला. हे भांडवल कुणाकडे होते? साहूकाराकडे. त्यामुळे दुष्काळी सालात पाण्यासाठी झुंबड आणि एरवी कालवा भरून वाहतो आणि घेणारा नाही, अशी अवस्था झाली. खात्याला उत्पन्न हवे होते. ऊस बारमाही पाणी घेतो आणि जास्त पट्टी देतो, म्हणून खात्याचे मन उसाकडे झुकले. कालव्याच्या वरच्या अंगाला ऊस वाढला, शेपटाकडची गावे पाण्याकडे डोळे लावून बसली.

१८९९ नंतर पुणे भागाच्या पाटबंधाऱ्यांचे काम पाहणाऱ्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी यावर ब्लॉक पद्धत काढली. गावोगाव जमिनीचे गट ठरवायचे, त्यांना काही वर्षांसाठी पाण्याची हमी द्यायची, गटाच्या ठराविक हिश्शातच ऊस आणि बाकीच्यात हंगामी पिके. पाणी एका जागी मुरत राहू नये आणि थोडे थोडे अधिक गावांना पोचावे, हा हेतू. विश्वेश्वरय्या म्हटले की आम्ही शाळेत १५ सप्टेंबरचा अभियंता दिन आणि फार तर खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे सांगतो. त्यांनी इथे, आमच्या तालुक्यांच्या मातीत, पाणी कुणाला आणि किती हा प्रश्न सोडवायचा प्रयत्न केला होता, हे मुलांना कळायला नको? तो प्रयत्न कुठवर यशस्वी झाला आणि कुठे ढेपाळला, यावर नववीची मुले हिरीरीने वाद घालू शकतात. आजही गावात वाद त्याच प्रश्नावर होतात. पाळी कुणाची, वरच्याने दार किती वेळ उघडे ठेवले, टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटाला, पाणी का पोचले नाही. मुलांनी रात्री बापाबरोबर पिकाला पाणी देताना दारे धरलेली असतात. त्यांना या विषयाची ओळख करून द्यावी लागत नाही. त्यांच्या अनुभवाला मागचा इतिहास जोडून द्यावा लागतो.

पुढची गोष्ट माणसांच्या हलण्याची आहे. सासवडच्या माळी समाजाकडे उसाचे आणि गुळाचे पिढीजात ज्ञान होते. कालव्यांबरोबर ती कुटुंबे खाली उतरली, खंडाने जमिनी घेतल्या, गुऱ्हाळे घातली. गोदावरी आणि प्रवरेच्या कालव्यांवरही गेली. मंदीत गुळाचे भाव कोसळले, १९३२ मध्ये साखरेला जकातीचे संरक्षण मिळाले आणि काही वर्षांत कालव्यांवर कारखाने उभे राहिले. सासवडच्या माळ्यांनी माळशिरस तालुक्यात स्वतःचा कारखाना काढला, तोच माळीनगरचा. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर, तिकडे गोदावरी-प्रवरेच्या बाजूला हरेगाव, टिळकनगर, साकरवाडी. खासगी कारखान्यांनी शेतकऱ्यांच्या हजारो एकर जमिनी खंडाने घेतल्या. १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा आला, त्या जमिनींसाठी १९६३ मध्ये शेती महामंडळ झाले, आणि जमिनी परत मिळवण्याचा खंडकरी शेतकऱ्यांचा लढा दोन पिढ्या चालला. दुसऱ्या बाजूला, प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना उभा राहिला. डिसेंबर १९५० मध्ये त्याचे पहिले गाळप सुरू झाले. गाडगीळ अचानक तिथे आलेले नव्हते. त्यांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांची पाहणी आधीच करवून घेतली होती आणि तिचा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. सहकाराचा धडा शिकवताना हा धागा सांगितला नाही, तर मुलांना वाटते की कारखाने कुणा थोर माणसाच्या मनात आले आणि उभे राहिले.

आणि नुकसान? तेही शिकवायला हवे, तितक्याच निगुतीने. पाणी मुरून जमिनी पाणथळ झाल्या, चोपण झाल्या, पांढरी क्षारांची पापुद्री वर आली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतच नीरेच्या काठी हा प्रश्न एवढा वाढला होता की, त्याच्या अभ्यासासाठी १९१६ मध्ये पाटबंधाऱ्यांची खास शाखा काढावी लागली. खडकवासल्याची आजची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था तिच्यातूनच वाढली, हे किती शिक्षकांना माहीत असेल! पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ चे. भाटघर भोर संस्थानात. तिथली वेळवंडी अडली आणि पाणी खालसा, म्हणजे थेट इंग्रजी अमलाखालच्या, मुलखातल्या शेतांना गेले. कांबऱ्याचे शिवालय दर मे महिन्यात भाटघरच्या फुगवट्यातून वर येते, तेव्हा लोक फोटो काढायला जातात. त्या देवळाभोवती गाव होते, शेते होती. धरणाखालच्या बागायतदाराचा आणि धरणावरच्या उठलेल्या माणसाचा इतिहास एकाच तासात शिकवता आला पाहिजे.

महात्मा फुल्यांचे नाव इथे घेतल्यावाचून पुढे जाववत नाही. मांजरीला, मुठा कालव्याच्या पाण्यावर, त्यांची जमीन होती. पाण्याच्या खात्याचे अधिकारी शेतकऱ्याकडून पट्टी घेतात आणि वेळेवर पाणी देत नाहीत, हे त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये रोखठोक लिहिले. सरकारी प्रशासन अहवालात कालव्याची एक गोष्ट आहे, फुल्यांच्या लिखाणात दुसरी आहे, आणि कालव्याचे पाणी सोडणाऱ्या म्हाताऱ्या पाटकऱ्याच्या तोंडी तिसरी. तिन्ही समोरासमोर ठेवून वाचणे म्हणजेच इतिहासाची पद्धत. दहावीच्या पाठ्यपुस्तकात इतिहासलेखनाचा पाठ आहे, उपयोजित इतिहासाचा आहे. पण ज्या शिक्षकाने स्वतः कधी जुने कागद उलगडून पाहिले नाहीत, त्याने ते पाठ शिकवायचे कसे? तो प्रश्नोत्तरे लिहून देतो. मी त्याला दोष देत नाही. त्याला कुणी कागदापर्यंत नेलेच नाही.

कालवा कशासाठी बांधला या प्रश्नावर वर्गात बोललो तेव्हा एका मुलाने दुसऱ्या दिवशी घरून एक जुनी पावती आणली. आजोबांच्या ट्रंकेत सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर घडी करून ठेवलेली. पाणपट्टीची. घड्यांवर फाटलेली, शाई तपकिरी झालेली, मोडीत सही. गट, पीक, क्षेत्र एकर-गुंठ्यांत, रक्कम रुपये-आणे-पैमध्ये. पिकाच्या रकान्यात 'ऊस' नव्हते, 'बाजरी' होते. मुलांनी ती कागदाची चिठ्ठी अशी वाचली की मला तासाची घंटा ऐकू आली नाही. आणे म्हणजे काय, एकराला किती पडले, आज नमुना ७ चा पाणीअर्ज भरताना पट्टी किती, आजोबांच्या वडिलांनी बाजरीला पाणी का घेतले, पाऊस पडला नव्हता का? शेवटचा प्रश्न मी विचारला नव्हता. आमच्या तालुक्यात अशा पावत्या शेकड्याने घरांत असतील. दर दिवाळीच्या साफसफाईत त्यातल्या काही बंबात जातात.

आता कार्यशाळेविषयी. सभागृहातल्या प्रशिक्षणाला माझा विरोध नाही. काही विषय तिथेच चांगले शिकवता येतात. हा विषय तिथे शिकवता येत नाही. मे महिन्यात पहाटे सहाला कालव्याच्या भरावावरून चालायला निघावे. घडीव दगडाची मोरी, ओढ्यावरून पाणी नेणारा जलसेतू, मैलाचे दगड, जास्तीचे पाणी सोडून द्यायचा एस्केप, जुन्या बांधकामाजवळ राहून गेलेली चुना मळायच्या घाण्याची चाकोरी हे सारे हाताने चाचपून पाहावे. उन्हे चढली की सावलीत बसून कागद वाचावेत: प्रशासन अहवालांतले उतारे, जुने नकाशे, गॅझेटिअर, पाणीअर्ज, शेजपाळीचे (कुणाला कोणत्या क्रमाने पाणी याचे) तक्ते. मोडीची तोंडओळख असावी. संध्याकाळी गावातल्या जाणत्या माणसांशी बोलावे, आणि त्यांत बाया असाव्यात. खुरपणीला आणि ऊसतोडीला गेलेल्या बाईने पाहिलेला कालवा कोणत्याही अहवालात नाही. शेवटी प्रत्येक शिक्षकाने आपल्या शाळेभोवतीचा, दोन-तीन तासांत शिकवता येईल असा एक पाठ तयार करून न्यावा. आठवड्याचे फलित म्हणून तेवढेच मागा. अहवालांची जाडजूड फाईल नको.

असे इतरत्र होत आले आहे. अमेरिकेत राष्ट्रीय मानव्यविद्या निधीच्या मदतीने शाळाशिक्षकांसाठी उन्हाळ्यात आठवडाभराच्या कार्यशाळा ऐतिहासिक स्थळांवरच घेतल्या गेल्या. मॅसॅच्युसेट्समधल्या लॉवेल शहरात कालव्यांच्या पाण्यावर कापडगिरण्या चालत; शिक्षकांनी तिथे जाऊन कालवे पाहिले, गिरणीचे माग चालताना ऐकले, गिरणीत काम केलेल्या मुलींची पत्रे वाचली. १८२५ मध्ये पुरा झालेला, ५८४ किलोमीटर लांबीचा ईरी कालवा तर तिकडे शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतो. त्यांचे कालवे गिरण्या चालवण्यासाठी आणि माल वाहण्यासाठी होते, आपले पीक जगवण्यासाठी. महत्त्वाने आपले तसूभरही कमी नाहीत.

जलसंपदा विभागाकडे माझे मागणे नेमके आहे. कालव्यांवरचे जुने बंगले आणि विश्रामगृहे तुमच्याकडे आहेत. उन्हाळ्यात आठवडाभर शिक्षकांना ती द्या. आवर्तनाच्या, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळीच्या, तारखा तुम्हीच ठरवता. दोन आवर्तनांच्या मधे कालवा कोरडा असतो, तेव्हा तळात उतरून बांधकाम पाहता येते. आणि पाणी सुटते त्या दिवशी पाटकऱ्याबरोबर चारीचे दार उघडताना पाहण्यासारखे दुसरे काही नाही. कार्यशाळेच्या तारखा अशा धरा की दोन्ही सापडेल. उपविभागांच्या कार्यालयांत जुनी रजिस्टरे आणि नकाशे कपाटांवर पडून आहेत. ती रद्दीत जाण्याआधी त्यांची यादी तरी होऊ द्या. शिक्षक ती यादी करतील, आनंदाने करतील. आणि निवृत्त पाटकरी, कालवा निरीक्षक, शाखा अभियंते यांना मानधन देऊन बोलवा. दगडावरच्या ओल्या रेघेवरून पाणी किती सुटले आहे हे सांगणारी ती शेवटची पिढी आहे.

शालेय शिक्षण विभागाने सक्ती करू नये. ज्याला यायचे आहे त्यालाच येऊ द्या, पण आलेल्याचे नुकसान होऊ देऊ नका: सुट्टीतल्या दिवसांची अर्जित रजा, प्रवासखर्च, सेवांतर्गत प्रशिक्षणात गणना. लहान मुले असलेल्या शिक्षिकांच्या राहण्याची नीट सोय करा, नाहीतर यादीत पुरुषांचीच नावे दिसतील. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकांनाही घ्या. परिसर अभ्यास तेच शिकवतात. पुण्यातल्या शाळांसाठी मुठा कालव्यावर वेगळी तुकडी हवी. हडपसर-मांजरीची मुले त्या कालव्याच्या काठी राहतात. २७ सप्टेंबर २०१८ रोजी दांडेकर पुलाजवळ त्याची भिंत फुटून वस्तीत पाणी शिरले, तेव्हा या शहरातून कालवा का जातो हा प्रश्न कितीतरी घरांत विचारला गेला असेल. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर पुणेकरांच्या घराघरांत सांगितला जातो. त्याच्या आधीची नव्वद वर्षे सांगणारे कुणी नाही. मराठवाडा आणि विदर्भातल्या शिक्षकांसाठी हाच नमुना वेगळ्या पाण्यावर राबवता येईल: संभाजीनगरची मलिक अंबरची नहर, भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव, खानदेशात पांझरेवरची सामूहिक सिंचनाची फड पद्धत. पण सुरुवात नीरेवर व्हावी असा माझा आग्रह आहे, आणि त्याला कारण आहे.

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी साहूकारांच्या कर्जखतांवर हात घातला. दख्खनच्या दंग्यांची ही सुरुवात पाठ्यपुस्तकात आहे. सुपे आज बारामती तालुक्यात आहे, आणि नीरेचा कालवा त्याच्यापासून दूरवरूनच गेला. तालुक्याचा तो भाग जिरायतीच राहिला. टँकरची वाट पाहणारी गावे तिकडे आहेत आणि उसाने हिरवीगार गावे इकडे, एकाच पंचायत समितीत. दंगा झाला तिथे पाणी पोचले नाही, पोचले तिथे साखर पिकली. पुढच्या वर्षीची पहिली कार्यशाळा १२ मे रोजी सकाळी सुप्याच्या बाजारपेठेत सुरू करा आणि तिसऱ्या दिवशी शिक्षकांना कालव्यावर आणा. गावात राहण्याची, जेवणाची आणि बोलायला माणसे गाठून देण्याची जबाबदारी आमच्या भागातले आम्ही शिक्षक घेतो. तारीख आणि दोन्ही विभागांचा एक-एक समन्वयक ठरवून दिवाळीपूर्वी कळवावे, म्हणजे आवर्तनाच्या वेळापत्रकाशी मेळ घालता येईल.

आपला विश्वासू,
इतिहासाचा एक शिक्षक
नीरा डावा कालवा परिसर